जेनकिन्सला गिटहबशी एसएसएचने जोडणे: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

जेनकिन्स (कोड घेऊन त्याची बांधणी, म्हणजे बिल्ड, आपोआप करणारे साधन) नव्याने बसवल्यावर पहिला जॉब, म्हणजे त्याला नेमून दिलेले काम, तयार करताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. कोड गिटहबवरच्या खासगी रिपॉझिटरीत (गिट या साधनाने सांभाळलेल्या कोडच्या ऑनलाइन साठ्यात) असतो, आपल्या लॅपटॉपवर तो विनातक्रार उतरतो, आणि जेनकिन्सच्या पडद्यावर मात्र लाल अक्षरांत एरर येते. मग सापडेल तो उपाय करून पाहिला जातो. कोणी सर्व्हरच्या ओळखीची पडताळणीच बंद करतो, कोणी स्वतःची वैयक्तिक की (ओळख पटवणारी सांकेतिक फाइल) सर्व्हरवर नेऊन ठेवतो, आणि एकदा कसेबसे चालू झाले की त्याला पुन्हा हात लावायला कोणी धजत नाही. ही जोडणी मुळापासून नीट कशी करावी, हे येथे क्रमाने सांगितले आहे. उदाहरण जेनकिन्स आणि गिटहब यांचे घेतले असून सर्व्हर लिनक्सचा धरला आहे. गिटलॅब किंवा बिटबकेट वापरणाऱ्यांना मेनूंची नावे वेगळी दिसतील, पण कामाचा क्रम तोच राहील.

प्रत्यक्ष कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की असावी, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ तिच्यात आहे. एसएसएच म्हणजे दोन यंत्रांमधली सांकेतिक, सुरक्षित जोडणी, आणि तिच्यात ओळख दोन्ही बाजूंनी पटवली जाते. आपण गिटहबला पटवतो की हा जेनकिन्स खरोखर आपलाच आहे. त्यासाठी प्रायव्हेट की (आपल्याजवळच गुप्त राहणारी) आणि पब्लिक की (समोरच्याला द्यायची) यांची जोडी लागते. त्याच वेळी गिटहबही आपल्याला पटवत असतो की पलीकडचा सर्व्हर खरोखर गिटहबचाच आहे. त्यासाठी त्या सर्व्हरची स्वतःची होस्ट की असते. या दोन तपासण्या स्वतंत्र आहेत, त्यांच्या एरर वेगळ्या आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. होस्ट की अडली असताना नवनव्या कींच्या जोड्या तयार करत बसणे, हा नवख्यांचा वेळ खाणारा सर्वांत मोठा प्रकार आहे.

एचटीटीपीएसने, म्हणजे वेबच्या नेहमीच्या मार्गाने, हे काम होत नाही असे मुळीच नाही. गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड स्वीकारणे बंद केले, त्यामुळे त्या मार्गाने जायचे तर टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची सांकेतिक अक्षरमाला, लागते. टोकन बहुधा एखाद्या व्यक्तीच्या खात्यातून निघते आणि ती व्यक्ती संस्था सोडून गेली की बिल्डही थांबतात. एकाच रिपॉझिटरीपुरती, केवळ वाचनाची परवानगी असलेली आणि कोणाच्याही वैयक्तिक खात्याशी न बांधलेली की एसएसएचच्या मार्गाने सहज देता येते. माझ्या मते नवीन मांडणीसाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

आधी काय तपासावे

जेनकिन्स बसवताना सुचवलेली प्लगइन (जादा सोयी देणारे जोडभाग) स्वीकारली असतील, तर गिट प्लगइन आणि एसएसएच क्रेडेन्शियल्स प्लगइन ही दोन्ही आलेली असतात. ज्या यंत्रावर प्रत्यक्ष बिल्ड चालणार आहे त्यावर गिट आणि ओपनएसएसएचचा क्लायंट, दोन्ही असायला हवेत. कंटेनरमध्ये एजंट (बिल्ड चालवणारे यंत्र) चालवणाऱ्यांनी यातल्या दुसऱ्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण लहान आकाराच्या इमेजमध्ये (कंटेनरच्या साच्यात) गिट असते आणि एसएसएच नसते, असे वरचेवर आढळते. अशा वेळी एररमध्ये एसएसएच चालवता येत नाही, अशी फाइलच नाही, असे सरळ लिहिलेले असते.

यानंतर जेनकिन्स कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो ते पाहावे. डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅटच्या पॅकेजमधून बसवले असल्यास त्या वापरकर्त्याचे नाव जेनकिन्स असेच असते आणि त्याचे होम फोल्डर /व्हार/लिब/जेनकिन्स हे असते. पुढची प्रत्येक चाचणी याच वापरकर्त्याच्या नावाने करायची आहे. आपल्या स्वतःच्या लॉगिनने किंवा रूटने (सर्वाधिकारी वापरकर्त्याने) केलेली चाचणी यशस्वी झाली, तरी तिच्यावरून जेनकिन्सबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

कीची जोडी तयार करणे

सर्व्हरवर लॉगिन करून एसएसएच-कीजेन ही कमांड सुडोच्या साहाय्याने जेनकिन्स या वापरकर्त्याच्या नावाने चालवावी. सुडोला -यू हा छोट्या लिपीतला पर्याय देऊन पुढे वापरकर्त्याचे नाव लिहिले की कमांड त्याच्या नावाने चालते. कीचा प्रकार -टी या छोट्या लिपीतल्या पर्यायाने ईडी२५५१९ असा द्यावा. हा प्रकार ओपनएसएसएचमध्ये २०१४ सालच्या ६.५ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे आजच्या कोणत्याही सर्व्हरवर तो मिळेल. -सी या मोठ्या लिपीतल्या पर्यायाने कीला एक टिप्पणी जोडता येते. तिच्यात कोणता जेनकिन्स आणि कोणती रिपॉझिटरी हे लिहून ठेवावे, कारण वर्षभराने गिटहबच्या यादीतल्या चार कींपैकी ही कशाची, असा प्रश्न हमखास पडतो.

फाइलचे नाव -एफ या छोट्या लिपीतल्या पर्यायाने स्वतः द्यावे आणि ते मूळच्या ठरावीक नावापेक्षा मुद्दाम वेगळे ठेवावे. ठरावीक नावाची की जेनकिन्सच्या होम फोल्डरमधल्या डॉट-एसएसएच या फोल्डरात पडून राहिली, तर एसएसएच ती न विचारता वापरते, आणि मग जॉबमध्ये क्रेडेन्शियल (जेनकिन्समध्ये साठवलेली ओळखीची माहिती) निवडलेले नसतानाही काम चालू राहते. पुढे तोच जॉब दुसऱ्या एजंटवर गेला की बंद पडतो आणि कारण लवकर सापडत नाही.

कमांड पासफ्रेज, म्हणजे कीचे संरक्षण करणारा परवलीचा मजकूर, विचारते. जेनकिन्सला पासफ्रेज देता येतो आणि तो तिथे सांकेतिक रूपात साठवलाही जातो, पण की आणि पासफ्रेज अखेर एकाच ठिकाणी राहत असल्यामुळे त्याने मिळणारे संरक्षण मर्यादित असते. संस्थेचा नियम असेल तर तो जरूर द्यावा. नसेल तर रिकामा ठेवून कीची परवानगी कमीत कमी ठेवण्यावर भर द्यावा, हे अधिक उपयोगाचे.

आता दोन फाइली तयार होतात. नावाच्या शेवटी डॉट-पब असलेली पब्लिक की गिटहबवर जाईल. दुसरी फाइल म्हणजे प्रायव्हेट की असून तिची परवानगी ६०० असते, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही ती वाचता येत नाही. ती ईमेलने किंवा चॅटवर कोणालाही पाठवू नये.

गिटहबवर पब्लिक की नोंदवणे

गिटहबवर त्या रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये डिप्लॉय कीज नावाचा विभाग आहे. तिथे नवीन की जोडताना पब्लिक कीच्या फाइलमधली संपूर्ण ओळ पेस्ट करावी. खाली लिहिण्याची परवानगी देणारी चौकट असते, ती रिकामीच ठेवावी. जेनकिन्सला कोड घेऊन बिल्ड करायचे असते, आणि टॅग (आवृत्तीची खूण) लावून परत पाठवण्याची गरज जेव्हा खरोखर येईल तेव्हा त्यासाठी वेगळी की करता येईल.

डिप्लॉय कीची एक मर्यादा लवकरच आडवी येते. एक डिप्लॉय की एकाच रिपॉझिटरीला लावता येते. तीच की दुसरीकडे लावू गेल्यास ती आधीच वापरात असल्याचे सांगून गिटहब नकार देतो. दोनतीन रिपॉझिटरी असतील तर प्रत्येकीची वेगळी की करणे सोपे आहे. पण प्रकल्पात सबमॉड्यूल (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरी) असतील आणि तेही खासगी असतील, तर एका डिप्लॉय कीने काम भागत नाही. अशा वेळी यंत्रासाठी म्हणून गिटहबवर स्वतंत्र खाते काढून, त्याला लागतील तेवढ्याच रिपॉझिटरींचे वाचनाधिकार द्यावेत आणि की त्या खात्याला जोडावी. स्वतःच्या वैयक्तिक खात्याला ही की जोडण्याचा मोह मात्र टाळावा. तसे केल्यास आपल्याला जे जे करता येते ते सगळे जेनकिन्सवरच्या प्रत्येक जॉबला करता येऊ लागते.

गिटहबची ओळख पटवून घेणे

आता जेनकिन्सच्या पडद्याकडे न वळता आधी टर्मिनलवरच चाचणी घ्यावी. जेनकिन्स या वापरकर्त्याच्या नावाने एसएसएच ही कमांड चालवावी, तिला -टी हा मोठ्या लिपीतला पर्याय द्यावा, -आय या छोट्या लिपीतल्या पर्यायाने आपल्या प्रायव्हेट कीचा मार्ग द्यावा आणि पत्ता म्हणून गिट ॲट गिटहब डॉट कॉम असा लिहावा. वापरकर्त्याच्या जागी नेहमी गिट हेच नाव येते. तिथे स्वतःचे गिटहबवरचे नाव लिहिले की जोडणी नाकारली जाते.

पहिल्याच वेळी एसएसएच थांबून विचारते: या सर्व्हरची खातरजमा करता येत नाही, त्याच्या कीचा फिंगरप्रिंट (आखूड ओळखखूण) असा असा आहे, पुढे जायचे का? बहुतेक जण न वाचता येस लिहून एंटर दाबतात. संपूर्ण जोडणीत पलीकडच्या सर्व्हरची खात्री करून घेण्याची हीच एक वेळ असते, आणि ती अशी वाया जाते. गिटहब आपल्या होस्ट कींचे फिंगरप्रिंट स्वतःच्या अधिकृत दस्तऐवजांत प्रसिद्ध करतो. ते पान ब्राउझरमध्ये उघडून, पडद्यावर दिसणाऱ्या प्रकाराचा फिंगरप्रिंट तिथून कॉपी करावा आणि येसच्या जागी तोच पेस्ट करावा. ओपनएसएसएचच्या अलीकडच्या आवृत्त्या हे उत्तर स्वीकारतात आणि दोन्हींची तुलना स्वतः करतात, त्यामुळे डोळ्यांनी अक्षरे जुळवत बसावे लागत नाही. जुळले तर जोडणी पुढे जाते, आणि ती की नोन-होस्ट्स या, ओळखीच्या सर्व्हरांच्या कीज ठेवणाऱ्या फाइलमध्ये नोंदली जाते.

यानंतर, सगळे नीट असल्यास, गिटहब आपल्या रिपॉझिटरीच्या नावाने अभिवादन करतो आणि ओळख पटली, पण शेल (तिथे कमांड चालवण्याची सोय) दिले जात नाही, असे कळवतो. हेच यश आहे. कमांडचा निकाल या वेळी शून्य न येता एक येतो. स्क्रिप्टमधून तपासणी करणाऱ्यांनी ते अपयश समजू नये. अभिवादनात रिपॉझिटरीऐवजी एखाद्या माणसाचे खाते दिसले, तर आपण वेगळीच की वापरत आहोत असे समजावे.

जोडणी नुसतीच लटकून राहिली आणि काही वेळाने मुदत संपल्याची एरर आली, तर बहुधा कार्यालयाच्या फायरवॉलने २२ क्रमांकाचे पोर्ट अडवलेले असते. गिटहब एसएसएचसाठी ४४३ क्रमांकाचे पोर्टही देतो, मात्र त्यासाठी होस्टचे नाव एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम असे वेगळे आहे.

आता हीच खात्री जेनकिन्सला करून द्यायची. मॅनेज जेनकिन्समधल्या सिक्युरिटी या पानावर गिटच्या होस्ट की पडताळणीचा विभाग आहे आणि तिथे चार पर्याय मिळतात: नोन-होस्ट्स फाइल वापरणे, पहिली जोडणी स्वीकारून पुढे तीच धरून चालणे, कीज हाताने देणे आणि पडताळणी न करणे. मुळात पहिला पर्याय निवडलेला असतो. तो चांगला आहे, पण त्यात ती फाइल प्रत्येक एजंटवर असावी लागते, आणि नवा एजंट जोडणाऱ्याला हे आठवतेच असे नाही. म्हणून एकाहून अधिक एजंट असतील तर कीज हाताने देण्याचा पर्याय मला अधिक सोयीचा वाटतो. गिटहबच्या त्याच दस्तऐवजात नोन-होस्ट्सच्या स्वरूपातल्या तयार ओळी दिलेल्या आहेत. त्या इथल्या चौकटीत पेस्ट केल्या की सगळ्या एजंटांचे काम एकाच ठिकाणाहून होते.

पडताळणी बंद करण्याचा चौथा पर्याय निवडला की एरर ताबडतोब जाते, म्हणूनच तो लोकप्रिय आहे. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए या प्रकारची होस्ट की बदलली, कारण तिची प्रायव्हेट की थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. ती की धरून चालणाऱ्या यंत्रांवर त्या दिवशी सर्व्हरची ओळख बदलल्याचा मोठा इशारा आला आणि बिल्ड थांबले; ईडी२५५१९ किंवा ईसीडीएसए होस्ट की वापरणाऱ्यांना काहीच करावे लागले नाही. पडताळणी बंद ठेवणाऱ्यांनाही काही दिसले नाही, पण उद्या एखाद्या बनावट सर्व्हरने कोड पुरवला, तरी त्यांना असेच काही दिसणार नाही.

जेनकिन्समध्ये प्रायव्हेट की देणे

मॅनेज जेनकिन्समध्ये क्रेडेन्शियल्स, तिथे सिस्टीमचे स्टोअर आणि त्यात ग्लोबल असे जाऊन नवीन क्रेडेन्शियल जोडावे. प्रकार म्हणून एसएसएच युजरनेम विथ प्रायव्हेट की हा निवडावा. स्कोप ग्लोबलच ठेवावा. सिस्टीम हा स्कोप जेनकिन्सच्या स्वतःच्या कामांसाठी असल्याने त्यातले क्रेडेन्शियल जॉबच्या यादीत दिसत नाही. जॉब फोल्डरांत विभागलेले असतील तर क्रेडेन्शियल त्या त्या फोल्डरात ठेवणे अधिक सुरक्षित, कारण मग ते त्याबाहेरच्या जॉबना मिळत नाही. आयडीच्या चौकटीत समजेल असे नाव स्वतः लिहावे. ती रिकामी सोडली तर जेनकिन्स एक लांबलचक आयडी बनवतो आणि पाइपलाइनच्या (बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या) फाइलमध्ये तो वाचवत नाही. युजरनेम गिट असे लिहावे.

प्रायव्हेट की थेट पेस्ट करताना पहिल्या बिगिनच्या ओळीपासून शेवटच्या एंडच्या ओळीपर्यंत, त्यांतल्या आडव्या रेघांसह, सगळा मजकूर घ्यावा आणि शेवटी एक रिकामी ओळ येईल असे पाहावे. शेवटची नवी ओळ गळली किंवा मध्ये ओळी तुटल्या, तर कीचे स्वरूप चुकीचे असल्याची किंवा लिबक्रिप्टो या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीमधली एरर येते, आणि ती पाहून लोक गिटहबवर दोष शोधत बसतात. विंडोजवर पुट्टीने तयार केलेली पीपीके फाइल इथे चालत नाही. पुट्टीजेनमधून ती आधी ओपनएसएसएचच्या स्वरूपात बाहेर काढावी लागते.

क्रेडेन्शियल जतन झाल्यावर आणि पहिले बिल्ड यशस्वी झाल्यावर सर्व्हरवरची प्रायव्हेट कीची फाइल पुसून टाकावी. जेनकिन्स आपल्याकडची प्रत सांकेतिक रूपात ठेवतो. फाइल मात्र उघडी असते, आणि त्याच यंत्रावर जेनकिन्सच्या नावाने चालणारा कोणताही जॉब ती वाचू शकतो.

जॉबची मांडणी

जॉबच्या सोर्स कोड मॅनेजमेंट विभागात गिट निवडून रिपॉझिटरीचा पत्ता लिहावा. तो गिटहबच्या कोड या बटणाखाली एसएसएचच्या रकान्यातून कॉपी करावा. एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता लिहून खाली एसएसएचची की निवडली तर ती वापरलीच जात नाही. पत्त्याचे एसएसएचमध्येही दोन प्रकार आहेत: गिटहब देतो त्या आखूड प्रकारात होस्टनंतर विसर्गचिन्हासारखी खूण येऊन पुढे मालकाचे नाव येते, तर एसएसएच या अक्षरांनी सुरू होणाऱ्या लांब प्रकारात त्याच खुणेनंतर पोर्टचा क्रमांक आणि मग तिरकी रेघ येते. दोन्हींची सरमिसळ केली की मालकाचे नावच पोर्ट समजले जाते.

पत्ता भरताच जेनकिन्स तो तपासून पाहतो. क्रेडेन्शियल अजून निवडलेले नसल्याने आधी लाल मजकूर येतो, आणि यादीतून आपले क्रेडेन्शियल निवडल्यावर तो नाहीसा होतो. ही तपासणी कंट्रोलरवरून (जेनकिन्सच्या मुख्य सर्व्हरवरून) होते, हे लक्षात असू द्यावे. बिल्ड दुसऱ्या एजंटवर चालणार असेल तर तिथले गिट, एसएसएच आणि होस्ट की यांबद्दल तिच्यातून काहीच कळत नाही. त्याची खात्री प्रत्यक्ष बिल्ड चालवून आणि कन्सोल आउटपुट वाचूनच होते.

ब्रँचच्या (कोडच्या शाखेच्या) चौकटीत मास्टर असे नाव आयते भरलेले असते. गिटहब ऑक्टोबर २०२० पासून नव्या रिपॉझिटरीच्या मुख्य ब्रँचला मेन असे नाव देतो. ते बदलायचे राहिले तर जोडणी यशस्वी होऊनही बिल्ड करण्याजोगे काही सापडले नाही अशी एरर येते. एसएसएचचा त्यात काहीही दोष नसतो.

पाइपलाइन वापरत असाल तर पाइपलाइन स्क्रिप्ट फ्रॉम एससीएम हा पर्याय घेऊन हीच माहिती भरावी. हे क्रेडेन्शियल फक्त कोड घेण्याच्या पायरीपुरते उपलब्ध असते. पुढच्या शेलच्या पायरीत गिट पुश (बदल परत पाठवण्याची कमांड) लिहिले तर तिथे की नसते. त्यासाठी एसएसएच एजंट प्लगइनच्या आवरणात ती पायरी घालावी लागते, आणि अर्थातच लिहिण्याची परवानगी असलेली वेगळी कीही लागते.

एरर कशी वाचावी

होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड असे शब्द दिसले तर आपल्या कीच्या जोडीकडे पाहूच नये. जेनकिन्सला पलीकडच्या सर्व्हरची ओळख पटलेली नाही, म्हणून सिक्युरिटीच्या पानावरचा पर्याय आणि एजंटवरची नोन-होस्ट्स फाइल तपासावी. परमिशन डिनाइड आणि पुढे कंसात पब्लिककी असे दिसले तर उलट आहे: सर्व्हर ओळखीचा ठरला, पण त्याने आपल्याला ओळखले नाही. अशा वेळी जॉबमध्ये योग्य क्रेडेन्शियल निवडले आहे का, युजरनेम गिट आहे का, आणि गिटहबवरची पब्लिक की याच जोडीतली आहे का, हे याच क्रमाने पाहावे. रिपॉझिटरी सापडत नाही असे उत्तर आले तर की गिटहबने ओळखलेली असते. एक तर तिला त्या रिपॉझिटरीचा अधिकार नसतो किंवा पत्त्यात अक्षरांची चूक असते. एवढ्याने उलगडा झाला नाही तर टर्मिनलवरची तीच चाचणी -व्ही हा छोट्या लिपीतला पर्याय जोडून पुन्हा करावी. कोणती की पुढे केली आणि ती कुठे नाकारली गेली, हे ओळीओळीने दिसते.

पुढची देखभाल

कोड बदलताच बिल्ड सुरू व्हावे यासाठी वेबहुक, म्हणजे बदल होताच आपोआप जाणारी सूचना, लागतो. तो गिटहबकडून जेनकिन्सकडे एचटीटीपीएसने येतो आणि त्याचा या कीशी संबंध नाही. जेनकिन्स बाहेरून पोहोचता न येणाऱ्या नेटवर्कमध्ये असेल तर ठरावीक वेळाने विचारणा करणारे पोलिंग लावावे. त्यासाठी मात्र हीच की वापरली जाते.

की बदलायची वेळ आली तर नवी जोडी करून तिची पब्लिक की गिटहबवर जुनीच्या शेजारी जोडावी. मग जेनकिन्समध्ये आयडी तसाच ठेवून त्याच क्रेडेन्शियलमधली प्रायव्हेट की बदलावी, म्हणजे एकाही जॉबला हात लावावा लागत नाही. प्रत्येक एजंटवर एकेक बिल्ड यशस्वी झाले, आणि गिटहबवर नव्या कीसमोर ती नुकतीच वापरल्याची नोंद दिसली, की मगच जुनी की काढून टाकावी.